एक्केचाळीस वेळा ‘आ’

जिताडा जेवायला बसला की आधी शेजाऱ्याचं ताट साफ करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर शेजाऱ्यालाच गिळतो. त्याची बदनामी करायची म्हणून हे सांगत नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात या माशावर माणसं जीव टाकतात, जावई घरी आला की तळ्यातला जिताडाच निघतो, दुसरं काही पुढे केलं तर तो मनात ठेवतो. पण बोटाएवढी हजार पिल्लं तळ्यात सोडावीत आणि दोन महिन्यांनी जाळं टाकावं, तर हाती दोनशे लागतात. बाकीची आठशे त्या दोनशेंच्या अंगी लागलेली असतात.

डॉ. हर्षाली म्हात्रे हिने उमेदीची अकरा वर्षं या हावरट माशाचं जेवण बघण्यात घालवली होती. बघण्यात म्हणजे खरं तर ऐकण्यात, कारण खारेपाटाच्या तळ्यातलं पाणी इतकं गढूळ की कॅमेरा चहाच्या पातेल्यात सोडल्यासारखा निकामी होतो. जिताडा भक्ष्याला चावत बसत नाही. जबडा आणि कल्ले तो एका झटक्यात फाकवतो, तोंडात पोकळी तयार होते आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट आत खेचलं जातं. मग जबडा मिटतो, त्याचा आवाज होतो. कोळंबी गिळली तर एक आवाज, भाऊबंद गिळला तर दुसरा. शिवाय एकमेकांवर तुटून पडण्याआधी थोडा वेळ ते नुसतेच पाठलाग करतात, रिकामे जबडे आपटतात. नेमका तो क्षण हेरून खाद्य टाकलं, तर भाऊबंदांचा जीव वाचतो.

तो क्षण हेरणारं यंत्र हर्षालीने केलं. पाण्यात सोडलेला एक मायक्रोफोन, बांधावर एक पेटी आणि पेटीशी जोडलेली खाद्याची टाकी, एवढाच त्याचा पसारा होता. नाव ठेवलं ‘कानोसा’. २०४१ साल उजाडलं तेव्हा पालघरपासून श्रीवर्धनपर्यंत चारशे तळ्यांवर कानोसा बसला होता, आणि हजारातली सातशे पिल्लं मोठी होऊ लागली होती. हर्षालीचे सत्कार झाले, शाली इतक्या जमल्या की कपाटात जागा उरली नाही.

पण यंत्राला मुळात काहीच कळत नसतं. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे त्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं, आणि जिताड्याच्या बाबतीत ते शिकवण्याची लायकी हर्षालीचीही नव्हती. ती होती तिच्या भावाची.

हरेश तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मोठीखार गावच्या सामाईक तळ्याचा तो राखणदार होता. अकरा घरांचं मिळून ते तळं, आणि गेली तीस वर्षं रोज पहाटे हरेश त्याच्या बांधावर जाऊन उभा राहायचा. खाडीचं पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला बांधात लाकडी दार असतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीशी उभं राहून, पाण्यात न बघता, तळ्यात कोण कुणाला खातंय ते तो सांगायचा. गावात कुणाचं तळं बिघडलं की माणसं त्यालाच बोलवायला येत. तो सातवी नापास होता, पण कान असा की हर्षालीच्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी तोंडात बोटं घातली होती.

यंत्राच्या शिक्षणासाठी तिने वर्षभर त्याला बोलतं केलं. पाण्यात एक मायक्रोफोन, हरेशच्या शर्टाला दुसरा. पाण्यात आवाज झाला की तो त्याच्या भाषेत नाव सांगणार, आणि नंतर ती प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिणार. ‘टपका’ म्हणजे वरची कोळंबी घेतली. ‘चाप’ म्हणजे भाऊबंद गिळला. ‘हूल’ म्हणजे नुसता पाठलाग. असे मोजून दोनशे बारा शब्द निघाले. त्यांतले बहुतेक तिला लहानपणापासून ठाऊक होते, उरलेले तिने बांधावर त्याच्या शेजारी बसून विचारून घेतले.

सगळे नाही विचारले. आश्विनातले तीन आठवडे ती एका परिषदेसाठी कोचीला होती. त्या दिवसांत हरेश एकटाच बांधावर उभा राहून बोलत होता, आणि त्या आवाजांचे अर्थ तिने परत आल्यावर टेबलाशी बसून लिहिले. त्यात काही शब्द नवे होते, त्यांतलाच हा एक. ‘आ करतान,’ हरेश म्हणत होता. ‘परत आ केला. लय आ करतान आज.’ एक्केचाळीस वेळा.

हर्षालीने क्षणभरही थांबून विचार केला नाही. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. चौदा वर्षांचा हरेश भात कालवून तिच्यापुढे बसायचा आणि घास धरून म्हणायचा, आ कर. तिच्या लेखी ‘आ’ म्हणजे भूकच. यादीत तिने लिहिलं: ‘भूक, तीव्र. खाद्य दुप्पट.’ दुसऱ्या दिवशी यादी पाठवायची होती. एक फोन केला असता तर भागलं असतं, पण आपल्याच भाषेतला शब्द भावाला काय विचारायचा, असंही तिला वाटलं असेल. ती शास्त्रज्ञ होती आणि तो सातवी नापास, हेही कुठेतरी असणारच.

यंत्र बसल्यावर पहिली दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मोठीखारवर चार दिवस ढग साचून राहिले. वारा पडलेला, ऊन नाही. अशा दिवसांत पाण्यातल्या शेवाळाकडून प्राणवायू तयार होत नाही, उलट रात्रभर तेच शेवाळ असलेला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि पहाटेला तळ्यातली हवा संपत येते. मासे वर येऊन तोंड उघडतात. प्राणवायू मोजणाऱ्या कांड्या पूर्वी तळ्यात असत, पण त्यांच्यावर आठवड्यात गाळ चढतो, म्हणून हर्षालीनेच त्या काढायला लावल्या होत्या. कानोशाला सगळं ऐकू येतं, असं तिने गावाला ठासून सांगितलं होतं.

कानोशाला ऐकू आलंच. त्याने यादी बघितली आणि दुप्पट खाद्य टाकलं. गुदमरणारा मासा खात नाही. खाद्य तळाशी जाऊन कुजलं, कुजताना उरलासुरला प्राणवायू त्याने संपवला. दुसऱ्या पहाटे मासे जास्त संख्येने वर आले, यंत्राने जास्त खाद्य टाकलं. पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता तळ्याचं पाणी दिसत नव्हतं. तीन हजार जिताडे पांढरी पोटं वर करून पडले होते, आणि बांधावर अकरा घरची माणसं उभी होती.

त्या चार पहाटे हरेश बांधावर नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो गेला महिनाभर सूर्य वर येईपर्यंत घरी झोपत होता, आणि ते गावाने बघितलं होतं.

गावाला जे ठाऊक नव्हतं ते असं. महिनाभरापूर्वी हर्षालीनेच त्याला फोनवर सांगितलं होतं की तू पहाटे बांधावर फिरतोस, तुझ्या पावलांचे दणके पाण्यात उतरतात, यंत्र बिथरतं. आता राहू दे, तुझं काम कानोसा करतो, तू जरा आराम कर. हरेशला आराम कसा करायचा ते माहीत नव्हतं. पण बहिणीने सांगितलं म्हणून तो पहाटे उठायचा, ओटीवर बसायचा आणि पुन्हा आत जाऊन आडवा व्हायचा.

प्रयोगशाळेने चौकशी नेमली. हर्षालीने त्या चार पहाटेंचे आवाज मागवले, कानाला लावले, आणि पहिल्या दहा मिनिटांतच ती थांबली. हा तोच आवाज होता, ‘आ’चा. हलका, ओला, एकामागून एक. तिने आश्विनातली जुनी रेकॉर्डिंग काढली आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकली. प्रत्येक ‘आ करतान’नंतर थोड्या वेळाने लाकूड घासल्याचा एक लांब आवाज येत होता. हरेश उघाडी उचलत होता. खाडीचं ताजं पाणी तळ्यात घेत होता, एक्केचाळीस वेळा. तो आवाज तिने तेव्हा ‘निरुपयोगी’ म्हणून कापून टाकला होता.

हरेशच्या बोलीत ‘आ’ म्हणजे भूक नव्हतीच. तळ्याचा श्वास कोंडलाय, दार उघडा, असा त्याचा अर्थ होता.

यापुढे हर्षालीने जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही, तिनेही कधी केलं नाही. तिने सगळ्यात आधी यादी दुरुस्त केली. तिथवर ठीक, कारण चारशे तळी होती आणि त्यांतल्या कुठल्याही तळ्यावर उद्या ढग येऊ शकत होते. ‘आ’ पुढे तिने लिहिलं: ‘श्वास कोंडला. खाद्य बंद. राखणदाराच्या फोनवर इशारा: उघाडी उघडा.’ संध्याकाळच्या आत नवी यादी चारशे पेट्यांमध्ये पोचली. नवी आली की पेटीतली जुनी पुसली जाते, तशी सोय तिनेच केलेली होती. सोबत काय बदललं ते लिहायची एक ओळ असते, तिथे तिने लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. मग प्रयोगशाळेतली जुनी यादीही तिने काढून टाकली. ते इतकं सहज जमलं, हे तिला पुढे फार लागलं.

चौकशीचा अहवाल आठ दिवसांनी आला. यंत्रात दोष आढळला नाही. स्थानिक देखरेखीत कसूर. खाली हर्षालीची सही होती.

हरेशने तो निमूट मान्य केला. बहिणीने फोन केला होता हे त्याने गावात कुणालाही सांगितलं नाही, कारण त्याच्या मते तो मुद्दाच नव्हता. पहाटे जाऊ नको म्हणाली होती, उजाडल्यावर जाऊ नको कुठे म्हणाली होती? तो स्वतःलाच बोल लावत बसला. जेवण तुटलं. कुणाच्या दारात जाईना. लोक त्याला तोंडावर काही बोलत नव्हते, फक्त दुसऱ्या कुणाचं तळं बिघडलं तर त्याला बोलवायचं बंद झालं.

भाऊबीजेला हर्षाली गेली. दरवर्षी ओवाळून झालं की हरेश तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा तिच्या ताटाशेजारी केळीच्या पानात ठेवायचा, तीच त्यांच्या घरची ओवाळणी. या वर्षी त्याने एक साडी ठेवली आणि तिच्याकडे बघितलंच नाही. “आवंदा तुला कायच देता आला नाय,” तो म्हणाला. निरांजनाचं तबक तिच्या हातात जड झालं. त्या क्षणी तिने ठरवलं की बस, आता सांगून टाकायचं. त्याला एकट्याला सांगून उपयोग नव्हता, त्याचं नाव गेलं होतं ते गावात, तेव्हा गावासमोरच सांगायचं.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत अकरा घरांची बैठक बसली. वडीलधारे म्हणून हिराजीनाना मधोमध बसले होते, हरेश कडेला खांबाशी. हर्षाली उभी राहिली आणि तिने काहीही हातचं न राखता सांगितलं. कोचीची परिषद, न केलेला फोन, ‘आ’चा चुकीचा अर्थ, पावलांबद्दल केलेली मनाई, पुसलेली यादी, अहवालावरची सही. “मासे माझ्यामुळे मेले,” ती शेवटी म्हणाली. “दादाची काही चूक नाही. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला.”

तिने शिव्यांची तयारी ठेवली होती. पण माणसांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता, काहीतरी भलतंच होतं. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

हिराजीनानांनी विचारलं, तो आवाज तुझ्याकडे आहे का? लॅपटॉपमध्ये होता. मग पेटी इथे आणा आणि ऐकवा तिला, बघू काय म्हणते. हर्षालीने परोपरीने सांगितलं की आता ती बरोबरच सांगेल, मी तिला सुधारलंय, आता बघून काही सिद्ध होणार नाही. नाना म्हणाले, तरी लाव.

पेटी आणली. मायक्रोफोन बादलीत सोडला, लॅपटॉपचा स्पीकर बादलीला टेकवला. त्या शेवटच्या पहाटेचा आवाज पाण्यात उतरला, हलका, ओला, एकामागून एक. खांबाजवळ हरेशचं अंग ताठ झालं. पेटीवर लाल अक्षरं आली: श्वास कोंडला, उघाडी उघडा. त्याच वेळी हरेशच्या खिशातला फोन वाजला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

“म्हंजी मशीन सांगत व्हती,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

पुढचं सगळ्यांनी आपापल्या मनात जुळवलं, आणि ते इतकं चपखल जुळलं की हर्षालीलाही खोडता येईना. हरेशच्या घरात रेंज नसते, ती बांधावर येते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मशीनने चारही पहाटे इशारा दिला असणार. हा घरात झोपलेला, फोन उशाशी. आत्तापर्यंत तो नुसता बेसावध ठरला होता. आता यंत्राने हाका मारूनही न उठणारा ठरला.

हर्षाली ओरडून सांगत राहिली की तेव्हा इशारा नव्हताच, तो मी नंतर घातलाय. एका शिकलेल्या सुनेने फोनवर बदलांची नोंद काढून वाचली: किरकोळ सुधारणा. हिराजीनाना उठून तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी,” ते म्हणाले, “भावासाठी सोताचा नाव मातीत घालाया निंगालीस. तुज्यासारखी बहीन समद्यांना मिलो.” मग त्यांनी बैठकीला सांगितलं की झालं ते झालं, हरेशला कुणी टोचून बोलायचं नाही, आणि यापुढे तळं पूर्ण कानोशाच्या हवाली. राखणदाराची गरज नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

गाडीपर्यंत हरेश तिच्या सोबत चालत आला. तो रागावला नव्हता. महिनाभरात प्रथमच त्याचा चेहरा तिला शांत वाटला, आणि त्यानेच ती हादरली.

“असा खोटा कनाला बोललीस?” त्याने विचारलं. “लोकांचा तुज्या शब्दावर इस्वास हाय. माज्यापायी तो घालवू नको.”

“दादा, खरं तेच सांगितलं मी. तूच सांग, ‘आ’ म्हणजे काय? तूच म्हणायचास ना तो शब्द?”

“म्हनत आसन,” तो म्हणाला. “पन मशीनला ठावा व्हता ना. मना उठाया पायजे व्हता.”

तिने त्याचा हात धरला. घरी गेल्यावर काय करायचं ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. यादीत अजून दोनशे अकरा शब्द होते. त्यांतले आश्विनातले, तिने न विचारता लिहिलेले, पंधरा-वीस तरी असतील. कुठले ते तिला आता सांगता येत नव्हतं. चारशे तळ्यांवर ते रोज खरे मानले जात होते, आणि आजपासून मोठीखारच्या बांधावर माणूस नव्हता. बाकीच्या तळ्यांवरूनही राखणदार असाच एकेक करून घरी जाणार होता.

“दादा, माझं एक काम कर,” ती म्हणाली. “माझ्यासोबत चल. ती सगळी रेकॉर्डिंग परत ऐक. एकेक शब्द सांग मला. या वेळी मी प्रत्येकाचा अर्थ विचारीन.”

हरेशने नकारार्थी मान हलवली. आपल्या शेतातला बांध दुसऱ्याच्या नावावर झाला तरी तक्रार न करणारा माणूस हसावा, तसं तो हसला, आणि गाडीचं दार त्याने तिच्यासाठी उघडून धरलं.

“मना आता काय कलत नाय, हर्षे,” तो म्हणाला. “तुज्या मशीनला इचार. तिला समदा ठावा हाय.”